एकाच खोलीतली दोन पोती, कोंब मात्र एकालाच

एका वसतिगृहाच्या भटारखान्याचं हे प्रकरण आहे. बटाटा तिथे रोज लागतो आणि रोज आणायला कोणाला वेळ नसतो, म्हणून पोत्यानेच घेतात आणि मागच्या कोठीच्या खोलीत ठेवतात. तक्रार अशी होती की हल्ली बटाटे टिकतच नाहीत, आणून आठवडा-दहा दिवस झाले की कोंब, मग ते खुडायचे, चार दिवसांनी परत कोंब आणि आधीपेक्षा जास्त, मग बटाटा लिबलिबीत होतो, सुरकुततो आणि शेवटी बादलीत जातो. साठवणुकीच्या कामाशी माझा संबंध असल्यामुळे मला "एकदा बघून जा" म्हणून बोलावलं होतं.

गेले तर प्रत्येकाकडे आपापलं कारण तयार होतं. मुख्य आचारी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांचं म्हणणं की कांदा आणि बटाटा एका खोलीत ठेवला की हे होणारच. हाताखालच्या पोराचं म्हणणं की भिंतीची गर्मी, कारण त्या भिंतीपलीकडे मोठा फ्रीज आहे आणि त्याचा कॉम्प्रेसर दिवसभर गरम हवा फेकत असतो. मॅनेजरांचं म्हणणं की माल देणाराच खराब माल देतो. आणि तिघांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की काहीतरी पावडर मिळते ती टाकली की काम होईल, तेवढं नाव सांगा फक्त.

मी पावडरीचं नाव सांगायच्या आधी पोती उघडून बघितली. खोलीत तीन ठिकाणी बटाटे होते. गरम भिंतीला टेकून एक पोतं, त्याला भरपूर कोंब. दाराजवळ एक पोतं, शेजारीच कांद्याची टोपली, अगदी खेटून, आणि त्या पोत्यातल्या बटाट्यांना कोंबाचा पत्ता नाही, डोळे पण बंद. आणि मधल्या फळीवर एका क्रेटमध्ये अर्धं पोतं ओतून ठेवलेलं, भिंतीपासून बरंच लांब, कांद्यापासून पण लांब, तरी त्याला कोंब होते, फक्त थोडे आखूड. म्हणजे मामांची कांद्याची थिअरी तिथेच अडकली, कारण कांद्याला खेटलेले बटाटेच सगळ्यात चांगले होते, आणि पोराची गर्मीची थिअरी अर्धीच खरी निघाली, कारण लांबच्या क्रेटला पण कोंब होतेच. मी विचारलं, मामा, क्रेटमधले आणि भिंतीकडचे एकाच खेपेतले का? तर हो, एकाच खेपेतले, दारातलं पोतं नंतर आलेलं. "पण ताई, नंतर म्हणजे चार-पाच दिवसच नंतर, तेवढ्याने काय फरक पडतोय," असं ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं, चार-पाच दिवसांनी एवढा फरक पडत नाही. दोन खेपांमध्ये दुसरा काहीतरी फरक असणार होता.

इथे बटाट्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. बटाटा म्हणजे मूळ नव्हे, जमिनीखाली फुगलेलं खोड आहे, आणि त्याचे डोळे म्हणजे कळ्या. काढणी झाली की या कळ्या झोपेत असतात, पुस्तकात त्याला सुप्तावस्था म्हणतात, आणि या काळात तुम्ही चांगलं हवामान दिलं तरी बटाटा उगवत नाही. ही झोप किती दिवसांची ते जातीवर अवलंबून, साधारण दोन-तीन महिने धरा, काही जातींत कमी, काहींत बरीच जास्त. पीक शेतात असताना कडक ऊन आणि पाण्याचा ताण पडला असेल तर झोप कमी होते, बटाटा आपटला, कापला गेला तरी कमी होते. आणि एकदा ही झोप संपली की मग कोंब रोखायला फक्त थंडी असते, ४ अंश सेल्सियसच्या खाली कोंब जवळजवळ वाढतच नाही, ८-१० अंशांवर हळूहळू वाढतो आणि १५-२० अंशांवर मस्त जोरात.

आता कोल्ड स्टोरेजचा बटाटा घ्या. तो तिथे २ ते ४ अंशांवर महिनोन्‌महिने असतो, त्याची झोप आतच कधीतरी संपून जाते, पण थंडीमुळे कोंब बाहेर येत नाही, त्यामुळे बाहेर काढला त्या दिवशी तो दिसायला एकदम ताजा, गुळगुळीत, घट्ट. तो तुम्ही पंचवीस-तीस अंशांच्या खोलीत आणून ठेवला की त्याला अडवणारं काहीच उरत नाही आणि सगळे बटाटे मिळून एकदम कोंब काढतात. घेणाऱ्याला वाटतं आपल्या खोलीत काहीतरी बिघडलंय. खोलीत काही नवीन बिघडलेलं नसतं हो, बटाटा येतानाच जुना होऊन आलेला असतो.

माझा संशय तोच होता, पण संशयावर चालत नाही, म्हणून तीन गोष्टी बघितल्या.

पहिली साल. दारातल्या पोत्यातल्या बटाट्यावर अंगठा दाबून घासला तर काही ठिकाणी साल सुटून आली, पातळ, कागदासारखी. म्हणजे नुकताच काढलेला, साल अजून पक्की न झालेला माल. भिंतीकडच्या बटाट्याची साल मात्र पक्की, घासून हलत पण नव्हती. पक्की साल म्हणजे कोल्ड स्टोरेजच असं नाही, चांगला वाळवून-मुरवून ठेवलेला ताजा बटाटा पण पक्क्या सालीचा असतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नाही.

दुसरी गोष्ट तळण. पोरगा बोलता बोलता म्हणाला की हल्ली काप तळले की लगेच काळपट होतात आणि जरा गोड लागतात, तेल बदललं तरी तेच. हे ऐकलं आणि माझं जवळजवळ नक्की झालं. बटाटा कमी तापमानात, साधारण ७-८ अंशांच्या खाली बराच काळ राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते, आणि ती साखर तळताना अमिनो आम्लांशी मिळून गडद रंग आणते. आम्ही दोन्ही पोत्यांतले बटाटे घेतले, सारख्या जाडीचे काप केले, एकाच कढईत एकाच वेळी सोडले. नव्या पोत्यातले काप फिकट सोनेरी झाले तोवर जुन्यातले कडेने तपकिरी, मधे पण डाग. मामा बघत राहिले. हा प्रयोग कोणालाही करता येतो आणि पोत्यावर काय लिहिलंय त्यापेक्षा खरं सांगतो, फक्त एक लक्षात ठेवायचं, फार जुना झालेला बटाटा थंडीत न ठेवता पण गोड होतो, त्यामुळे हे बाकीच्या खुणांसोबत वाचायचं.

तिसरी, जुन्या पोत्यातले अजून कोंब न आलेले काही बटाटे आणि नव्यातले काही, दोन्ही एकाच पुठ्ठ्याच्या खोक्यात, एकाच कपाटात ठेवायला सांगितले. जागा तीच, हवा तीच, अंधार तोच. जुन्यांनी आठवड्याभरात डोळे फोडले, नवे ढिम्म. मधल्या काळात मॅनेजरांनी माल देणाऱ्याला विचारलं, त्याने काही लपवलं नाही, पहिली खेप कोल्ड स्टोरेजचीच होती, दुसरी थेट शेतातून. इतके दिवस हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

मग गरम भिंतीचं काय? तिचा हात होता, नव्हता असं नाही. त्या कोपऱ्यात थर्मामीटर ठेवला तर खोलीच्या मध्यापेक्षा चार-पाच अंश जास्त, आणि फ्रीज चालू-बंद होतो तसं ते वर-खाली. झोप संपलेल्या बटाट्याला ऊब मिळाली की कोंब लांब होणार आणि पाणी लवकर जाणार, म्हणून तिथले कोंब क्रेटमधल्यांपेक्षा मोठे होते. पण सुरुवात भिंतीने केली नाही.

अजून एक गोष्ट होती जी सगळ्यांना मदत वाटत होती आणि तीच नुकसान करत होती, ती म्हणजे कोंब खुडणं. बटाटा हातात घेऊन नीट बघा, एका टोकाला देठाची खूण असते, जिथे तो झाडाला जोडलेला होता, आणि विरुद्ध टोकाला डोळ्यांची दाटी असते. पहिला कोंब बहुतेक या दाटीतून येतो आणि तो जिवंत असेपर्यंत बाकीच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो खुडला की बाकीचे मोकळे, मग दोन-चार ठिकाणांहून एकदम कोंब. क्रेटमधल्या एका बटाट्यावर मला खुडल्याच्या वाळलेल्या खुणा आणि त्याच्या बाजूला नवे पाच कोंब दिसले. शिवाय कोंबाच्या नाजूक पृष्ठभागातून सालीपेक्षा कितीतरी जास्त पाणी उडतं आणि बटाट्यात वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणीच असतं, त्यामुळे जितके कोंब जास्त तितका तो लवकर सुरकुततो. म्हणून खुडायचे ते शिजवायच्या वेळी, त्याच दिवशी. खुडून परत पोत्यात टाकण्यात काही अर्थ नाही.

कोंबाच्या रंगावरून पण कळतं बरं का. अंधारात वाढलेला कोंब पांढरट, बारीक, लांबलचक. उजेडात वाढलेला आखूड, जाड, जांभळट-हिरवट. भिंतीकडचे पांढरे आणि लांब होते, क्रेटच्या वरच्या थरातले जांभळट, कारण क्रेट खिडकीसमोर. आणि त्याच थरातले काही बटाटे हिरवे पडायला लागले होते, ही जास्त काळजीची गोष्ट, कारण कोंब हा बहुतेक वेळा नासाडीचा प्रश्न असतो आणि हिरवेपणा तब्येतीचा. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी आहे, ते नुसतं क्लोरोफिल, पण उजेडाने सोलॅनिन आणि चॅकोनिन ही कडवट विषारी द्रव्यं पण वाढतात, आणि ती कोंबात, डोळ्यांभोवती आणि सालीखाली सगळ्यात जास्त असतात. किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं सर्वसाधारणपणे धरतात. उकळून ती जात नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तर नियम आम्ही असा ठेवला: बटाटा घट्ट आहे आणि कोंब छोटे आहेत तर कोंब आणि डोळा खोल काढून, सोलून वापरायचा, मऊ पडलाय, सुरकुतलाय, बराच हिरवा आहे किंवा चव कडू लागतेय तर सरळ टाकायचा, वाचवायच्या भानगडीत पडायचं नाही.

आता उपायांकडे. सगळ्यात आधी पावडर, कारण तोच आग्रह होता. कोंब दाबायला मोठ्या गोदामांमध्ये अनेक वर्षं क्लोरप्रोफॅम नावाचं रसायन वापरलं गेलं, ते पेशींचं विभाजनच थांबवतं. युरोपियन युनियनने २०१९ मध्ये त्याची मंजुरी पुढे चालू ठेवली नाही आणि २०२० मध्ये तिथला वापर संपला, मग तिकडची गोदामं पुदिन्याच्या जातीचं तेल, संत्र्याच्या सालीचं तेल, इथिलीन वायू, १,४-डायमिथिलनॅप्थलीन हे रसायन अशा पर्यायांकडे वळली. पण ही सगळी बंद गोदामातली, मोजून वाफ सोडायची, ठरावीक दिवसांनी परत द्यायची कामं आहेत. जिथे बाजूलाच पीठ, डाळी, मसाले ठेवलेत अशा कोठीत असलं रसायन भुरभुरायचं नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. विकिरणाचा उपाय पण आहे, गॅमा किरणांचा अगदी कमी डोस, ०.०५ ते ०.१५ किलोग्रे (हे किरणांच्या डोसचं माप), दिला की डोळे कायमचे निकामी होतात, पण तो विकिरण केंद्रात होतो, खोलीत नाही.

मग सफरचंद. "पोत्यात एक सफरचंद टाका, कोंब येत नाहीत" हा सल्ला मॅनेजरांनी मोबाईलवर वाचला होता, आणि "सफरचंद ठेवू नका, लवकर कोंब येतात" हा पण त्याच मोबाईलवर. गंमत म्हणजे दोन्हीमागे एकच वायू आहे, इथिलीन. थोड्या काळासाठी मिळालं तर ते झोप मोडतं, आणि सतत मिळत राहिलं तर कोंबाची लांबी वाढू देत नाही, हा दुहेरी परिणाम १९७४ मध्येच शोधनिबंधात आलेला आहे. गोदामात सतत ठरलेल्या प्रमाणात देतात म्हणून तिथे जमतं. पोत्यातलं एक सफरचंद किती सोडतंय, पोत्याच्या विणीतून किती उडून जातंय, चार दिवसांनी ते सडलं की काय, काहीच हातात नाही. मी म्हणाले खाऊन टाका ते.

कांदा हलवायला मात्र मी होच म्हणाले, कोंबासाठी नाही, ओलाव्यासाठी. बटाट्याला दमट हवा लागते, ९० टक्क्यांच्या आसपास, कांद्याला कोरडी, ६५-७० टक्के, दोघांना एका कोपऱ्यात सुखी ठेवता येत नाही आणि त्रास जास्त कांद्यालाच होतो. मामांना एवढं पुरेसं होतं.

फ्रीजबद्दल सगळ्यात जास्त वाद झाला. पूर्वापार सल्ला असा की बटाटा फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण वर सांगितलं तसं साखर वाढते आणि तळताना ॲक्रिलामाइड, म्हणजे कॅन्सरचा संशय असलेलं एक द्रव्य, जास्त तयार होतं. ॲक्रिलामाइड अन्नात बनतं हे स्वीडनमध्ये २००२ साली समोर आलं आणि तेव्हापासून ही भीती पक्की झाली. पण ब्रिटनच्या अन्न सुरक्षा यंत्रणेने २०२३ मध्ये आपला सल्ला बदलला, घरगुती पातळीवर फ्रीजमध्ये ठेवल्याने थंड अंधाऱ्या जागेच्या तुलनेत फार फरक पडत नाही असं सांगून, आणि नासाडी कमी होते हा फायदा मोजून. माझं मत असं की उकडायचा, शिजवायचा असेल तर खुशाल ठेवा, तळायचा आणि रंग हवा असेल तर ठेवू नका. गोड झालेला बटाटा १५-२० अंशांवर दोन-तीन आठवडे ठेवला तर साखर थोडी उतरते, असा एक इलाज आहे, पण कोल्ड स्टोरेजच्या जुन्या मालाला तेवढ्या वेळात कोंब येऊन मोकळे होतात, त्यामुळे इथे तो कामाचा नव्हता. आणि वसतिगृहाची पोती फ्रीजमध्ये मावणार कुठे.

शेवटी केलं ते अगदी साधं. जुनी खेप आधी संपवायची, उकडण्याच्या कामाला, तळणाला नवीन. नवीन पोतं जिन्याखालच्या अंधाऱ्या, गार खोलीत हलवलं, जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर, खालून हवा जाईल असं. मॅनेजर प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या आणणार होते, त्यांना थांबवलं, कारण बटाटा श्वास घेतो, आत घाम धरतो, आणि ओल्या सालीवर सड एका बटाट्याची दहा बटाट्यांवर जाते. क्रेटवर गोणपाट टाकलं, उजेड अडला आणि हवा राहिली. माती लागलेले बटाटे धुवून ठेवायची सवय होती ती बंद, माती झटकायची, धुणं वापरताना. नव्या पोत्याची साल कच्ची होती म्हणून ते पहिले दहा-बारा दिवस फार हलवायचं-ओतायचं नाही असं सांगितलं, त्या काळात ओरखडे भरून येतात आणि साल पक्की होते. आणि पोत्यावर खडूने दोन गोष्टी लिहायच्या, कधी आलं आणि कुठून आलं, शेतातून की कोल्ड स्टोरेजमधून.

जुन्या खेपेतलं सगळं वाचलं नाही, भिंतीकडच्या पोत्याचा तळ फेकावाच लागला. खरेदी पण बदलली. कोल्ड स्टोरेजचा माल असेल तर आठवड्यात संपेल तेवढाच घ्यायचा, थेट शेतातला, पक्क्या सालीचा मिळाला तर पोत्याने. वर्षातले काही महिने असे असतात की शेतातला नवीन माल नसतोच, तेव्हा कितीही गार खोली शोधली तरी थोडा थोडा आणण्याला पर्याय नाही, आणि मॅनेजरांना हे पटायला वेळ लागला कारण पोत्याचा दर कमी पडतो, मग मी त्यांना फेकलेले बटाटे धरून हिशोब करायला सांगितला.

जिन्याखालचं पोतं बरंच टिकलं. पुढे कधीतरी मामांचा फोन आला, "ताई, यांचे पण डोळे फुगायला लागले," म्हटलं फुगणारच, त्यांची पण झोप संपली, कुठल्या बाजूचे फुगलेत? डोळ्यांची दाटी आहे तिथलेच, एकेकच. तेवढ्यात पोतं तळाला आलेलं होतं. जे घट्ट होते ते त्याच आठवड्यात उकडून संपवायला सांगितले, आणि थोडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, कागदी पिशवीत, पिशवीवर "तळायचे नाहीत" असं लिहून.